‘सेल्फ-कॉन्शस’ला मराठीत काय म्हणायचं? लाज, संकोच, भीड आणि अवघडणं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही किशोरवयीन मुलांसाठीची एक गोष्ट इंग्रजीतून मराठीत आणताय, त्यातल्या मुलीच्या दातांना नवीन तार बसवलीय, ती तार लावून पहिल्यांदाच वर्गात शिरते आणि मूळ वाक्यात ती ‘सेल्फ-कॉन्शस’ होते, म्हणजे लोक आपल्याला बघतायत या विचारानं तिला स्वतःचीच नको इतकी जाणीव होते. तुम्ही आधी लिहिलं ‘तिला लाज वाटली’, ते खटकलं म्हणून ‘तिला संकोच वाटला’ केलं, आणि आता तेही पटत नाहीये. म्हणून विचारताय की संकोच या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि लाज, भीड, संकोच ही एकाच गोष्टीची नावं आहेत का.

एकाच गोष्टीची नाहीत. आणि शब्द सापडत नाही ही तुमची खरी अडचण नाहीये असं मला वाटतं. मी बरीच वर्षं अनुवादाचं नि सबटायटलचं काम करते, शिवाय अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते, आणि हा प्रश्न या ना त्या रूपात कायम समोर येतो. या भावनेसाठी मराठीत शब्दांची गर्दी आहे: लाज, शरम, संकोच, भीड, बुजणं, बावरणं, ओशाळणं, वरमणं, खजील होणं, कानकोंडं होणं, गोरंमोरं होणं, अवघडल्यासारखं होणं. पण यातला प्रत्येक शब्द आपल्याला काहीतरी विचारतो, बघतंय कोण, लपवायचंय काय, आणि हे नक्की कधी घडतंय, काही करायच्या आधी की केल्यानंतर. इंग्रजी शब्द यातलं काहीच न सांगता निसटतो, मराठी तसं निसटू देत नाही, म्हणून तुम्ही अडकलात.

संकोच आधी घेऊ, कारण त्याची जन्मपत्रिका स्वच्छ आहे. संस्कृतातला ‘कुच्’ हा धातू, त्याला ‘सम्’ उपसर्ग. कुच् म्हणजे आक्रसणं, आखडणं, आत ओढलं जाणं, आणि सम् म्हणजे एकत्र, सगळीकडून. आकुंचन, संकुचित हे सगळे याच घरातले, आणि कुरळ्या केसांना संस्कृतात ‘कुंचित’ म्हणतात तोही यातलाच. म्हणजे मूळ शब्दात ना मन आहे, ना लाज, माणूससुद्धा नाही. संध्याकाळी कमळ मिटतं तो कमळाचा संकोच. वैशेषिक दर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका जुन्या शाखेत, कर्माचे, म्हणजे साध्या हालचालीचे, पाच प्रकार सांगितलेत, वर फेकणं, खाली टाकणं, आकुंचन, प्रसारण आणि गमन, तिथलं आकुंचन जितकं कोरडं आहे तितकाच मूळचा संकोच कोरडा आहे.

हा कोरडा अर्थ मराठीतून गेला असं समजू नका, तो आपल्या डोळ्यांसमोर असतो, फक्त लक्षात येत नाही. मासिकांचे संपादक लिहितात ‘स्थलसंकोचास्तव काही पत्रे छापता आली नाहीत’, तिथे पत्रांना काही कुणाची लाज वाटलेली नसते, पानावर जागा कमी पडलेली असते. अग्रलेखात ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच’ होतो. भाषाशास्त्रात ‘अर्थसंकोच’ ही संज्ञाच आहे, शब्दाचा अर्थ आधी मोठा असतो आणि नंतर आक्रसतो, ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘मृग’. मृग म्हणजे संस्कृतात आधी कुठलाही रानटी पशू, म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात आणि शिकारीला मृगया, आणि नंतर त्याचा अर्थ हरणापुरता उरला. गंमत अशी की आपल्या रोजच्या बोलण्यात खुद्द ‘संकोच’ या शब्दाचाही अर्थसंकोच झालाय, सगळ्या आक्रसण्यातून फक्त माणसाचं मनातलं आक्रसणं तेवढं राहिलं.

आता हे शरीरातलं आक्रसणं मनात कसं गेलं, तर त्यासाठी फार लांब जायला नको. अनोळखी घरी गेलेला माणूस बघा, सोफ्याच्या कडेवर टेकतो, कोपरं अंगाला चिकटवतो, पाय आत घेतो. याला मराठीत ‘अंग चोरून बसणं’ म्हणतात. आणि घरमालक काय म्हणतो? “अहो संकोच करू नका, ऐसपैस बसा.” हे ‘ऐसपैस’ म्हणजे संकोचाचा अगदी बरोबर उलटा शब्द, आणि तोही जागेचा. तसंच ‘मोकळं बोला’, ‘मोकळेपणानं सांगा’. म्हणजे मराठी माणसाच्या डोक्यात संकोच हा अजूनही जागेचाच मामला आहे, आपण किती जागा व्यापायची याबद्दल वाटणारी शंका. मला संकोच वाटतो म्हणजे मी काही वाईट केलंय असं नाही, मी जरा जास्त जागा घेतोय की काय, दुसऱ्याच्या वेळेत, घरात, ताटात शिरतोय की काय, असं वाटतं.

संस्कृतातला ‘संकट’सुद्धा मुळात अरुंद, चिंचोळा अशाच अर्थाचा शब्द आहे. त्याची व्युत्पत्ती वेगळी, तेव्हा संकोच आणि संकट ही भावंडं नव्हेत, पण चित्र दोन्हीकडे तेच, जागा कमी पडण्याचं. देवाला ‘साकडं घालतो’ त्यातलं साकडं याच संकटाचं घासून गुळगुळीत झालेलं रूप.

एक थोडं आडवळणाचं सांगते, नको असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. काश्मीरच्या शैव दर्शनात संकोच हा पारिभाषिक शब्द आहे. तिथला थोर आचार्य अभिनवगुप्त, त्याचा शिष्य क्षेमराज, अकराव्या शतकातला, त्याच्या ‘प्रत्यभिज्ञाहृदयम्’मधलं पाचवं सूत्र आहे: ‘चितिरेव चेतनपदादवरूढा चेत्यसंकोचिनी चित्तम्’. साधारण अर्थ असा की अमर्याद असलेली जाणीवच आपल्या जागेवरून खाली उतरते, समोरच्या विषयांपुरती आक्रसते, आणि त्या आक्रसलेल्या जाणिवेलाच आपण मन म्हणतो. आता इंग्रजी शब्दाकडे बघा, ‘सेल्फ-कॉन्शस’ हा सतराव्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञानात वापरला जायचा तेव्हा त्याचा अर्थ नुसता ‘स्वतःची जाणीव असलेला’ असा होता, लोकांसमोर अवघडलेला हा अर्थ नंतर, एकोणिसाव्या शतकात रुळला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, एकीवरून दुसरी आलेली नाही, पण जाणीव आक्रसून दातांच्या तारेएवढी होणं, हे तुमच्या गोष्टीतल्या मुलीचं अगदी चपखल वर्णन आहे असं मला वाटतं. असो.

आता लाज. लज्जा पासून प्राकृतातून लाज. जोडाक्षर सुटं झालं की आधीचा स्वर लांबतो, हा मराठीचा नेहमीचा रस्ता, सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, कर्म-कम्म-काम, तसंच लज्जा-लाज. उच्चारही बदलतो, लज्जामधला ज ‘जय’मधला आणि लाजेमधला ‘जग’मधला, जीभ दाताजवळ जाणारा. आमच्या वर्गातल्या अमराठी मंडळींची इथे हमखास दांडी उडते. गोव्याच्या कोंकणीत मात्र हा शब्द ‘लज’ असा ऱ्हस्वच राहिलाय, ‘म्हाका लज दिसता’.

लाज हा संकोचापेक्षा फार वजनदार शब्द आहे. ती देवी आहे, ‘या देवी सर्वभूतेषु लज्जारूपेण संस्थिता’ आपण नवरात्रात म्हणतोच. लाज म्हणजे इभ्रतसुद्धा, म्हणून लाज राखतात, लाज काढतात, लाज सोडतात, कुळाची लाज असते. संकोच कुणी राखत नाही की काढत नाही. ‘जनाची नाही तर मनाची तरी बाळग’ हे वाक्य आपण ऐकत मोठे झालो, त्यात तर लाज शब्द उच्चारायचीसुद्धा गरज पडत नाही, कशाबद्दल चाललंय ते कळतंच. आणि या एका वाक्यात आपल्या लोकांनी लाजेच्या दोन जाती सांगून टाकल्यात, एक बघणाऱ्यांमुळे वाटणारी आणि एक कुणी बघत नसलं तरी वाटणारी. तुमच्या मुलीची भावना पूर्णपणे जनाची आहे, घरी आरशासमोर तिला कदाचित ती तार आवडतही असेल.

शिवाय लाज हा शब्द मुलींच्या बाबतीत धोक्याचा आहे, हे माझं मत. लाजणं हा मुलीचा दागिना मानला गेला, नवरी लाजली की घरचे खूश, आणि मुलगा लाजला की ‘बायकांसारखा लाजतोस काय’. तेव्हा ‘ती लाजली’ लिहिलंत की मराठी वाचकाच्या मनात पहिल्या बाकावर बसलेला एखादा मुलगा आपोआप येऊन बसतो. तार मागे पडते. ‘लाज वाटली’ लिहिलं तर वेगळाच घोळ, मग तिनं काहीतरी चूक केलीय असा वास येतो. संकोचाला हा मुलगा-मुलगी भेद नाही, आजोबांना वाटतो, साहेबांना वाटतो, पाहुण्यांना वाटतो.

लाज आणि संकोच यातला फरक पटवायला मी वर्गात एक सोपी चाचणी देते, शब्दाला नकार लावून बघा. निर्लज्ज ही शिवी आहे, बेशरम ही शिवी आहे. पण ‘निःसंकोच विचारा’ हे आमंत्रण आहे, आणि ‘निर्भीड पत्रकार’ हे कौतुक. म्हणजे ज्याची लाज गेली तो वाया गेला, ज्याचा संकोच गेला तो मोकळा झाला. समाजाला तुमच्यात काय असायला हवंय आणि काय गेलं तरी चालेल, हे त्या एका उपसर्गात कळतं. एवढ्या एका गोष्टीवरून दोन्ही शब्द वेगळे ठेवावेत असं माझं ठाम मत आहे, कोशात ते एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले का असेनात.

(लाजाळूचं झाड या सगळ्याला अपवाद वाटेल. ते मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं 1753 साली त्याला जे शास्त्रीय नाव दिलं, मिमोसा प्युडिका, त्यातल्या प्युडिकाचाही अर्थ लाजरीच. बिचारं प्रत्यक्षात करतं काय, तर हात लागला की पानं मिटून घेतं, म्हणजे शुद्ध संकोच, पण नाव पडलं लाजेचं.)

शरम फारसीतून आली, खजील मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे उतरला. अर्थाच्या दृष्टीनं शरम लाजेच्या जवळची, म्हणून जोडी जमली लाजशरम, जशी कागदपत्र किंवा बाजारहाट, एक शब्द बाहेरून आलेला आणि एक घरचा. भीडमुर्वत हीही तशीच जोडी, त्यातली मुर्वत अरबी-फारसीकडची.

भीड हा शब्द मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण मराठीत तो खास आपला आहे. हिंदीत भीड़ म्हणजे गर्दी, आपल्या भिडेला एकच माणूस पुरतो. भीड नेहमी कुणाची तरी असते, मामांची, साहेबांची, सासरच्यांची. समोरच्याचं वय, पद, उपकार, नातं, यामुळे तोंडातून ‘नाही’ निघत नाही ती भीड. म्हणून ‘भीड भिकेची बहीण’, भिडेपायी जामीन राहिलात, उसने दिलेत, तर पुढे भीक मागायची पाळी येते. आणि भीड कायमची नसते, ‘भीड चेपते’, चार भेटी झाल्या की माणूस सरावतो. लाज चेपत नाही, ती मेली तर मरते. नवीन सून सहा महिन्यांनी मोठ्यानं हसायला लागली तर सासू कौतुकानं म्हणेल ‘भीड चेपली हो हिची’, आणि तिथेच ‘लाज सोडली’ म्हणाली तर घरात भांडण आहे असं समजा.

बुजणं हे जनावरांकडून आलंय, बैल बुजतो, घोडा बुजतो, अनोळखी वस्तू दिसली की अंग मागे घेतो. लहान मूल माणसांना बुजतं. त्यात विचार नसतो, लोक काय म्हणतील हे त्या मुलाला ठाऊकच नसतं. आठवीतल्या मुलीला बुजरी म्हणता येईल, पण तो तिचा स्वभाव झाला, त्या सकाळची भावना झाली नाही.

आता तुमच्या वाक्यात ‘संकोच वाटला’ का बसत नाही ते सांगते, आणि यासाठी अर्थापेक्षा व्याकरणाकडे बघावं लागतं. शब्दाच्या आधी काय येतं ते बघा. ‘मला माझ्या दातांची लाज वाटते’ चालतं, ‘हसायला लाज वाटते’ हेही चालतं. पण ‘मला माझ्या दातांचा संकोच वाटतो’? कानाला खटकतं. संकोच आपल्याला एखादी कृती करायला वाटतो, पैसे मागायला, फोन करायला, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला. म्हणून ‘तिला संकोच वाटला’ एवढंच लिहून पूर्णविराम दिला की वाचक मनात विचारतो, कशाला, काय करायला? वाक्य अर्धवट लटकतं. भिडेला माणूस लागतो, ‘बाईंची भीड वाटली’. अवघडण्याला मात्र काहीच लागत नाही, ‘तिला अवघडल्यासारखं झालं’, बस, वाक्य पूर्ण.

आणि यातच काळाचाही हिशेब आहे. संकोच कृतीच्या आधी येतो, दाराशी. ओशाळणं, वरमणं, खजील होणं हे सगळं नंतरचं, काहीतरी घडून गेलेलं असतं, चोरी पकडलेली असते, बोललेलं खोटं ठरलेलं असतं, चेहरा गोरामोरा झालेला असतो. मधल्या वेळेला, म्हणजे प्रत्यक्ष लोकांच्या नजरेखाली असताना जे होतं, त्याला मराठीत शब्द आहे अवघडणं. तोही शरीराचाच, एकाच कुशीवर झोपलं की मान अवघडते, मांडी घालून फार वेळ बसलं की पाय अवघडतो, दिवस भरत आलेली बाई अवघडलेली असते. संकोचात माणूस लहान होतो, अवघडण्यात त्याला आपलं शरीर आहे हे जरा जास्तच जाणवायला लागतं, हात कुठे ठेवू, चालू कसं, बघू कुठे. सेल्फ-कॉन्शसच्या सगळ्यात जवळ मराठीत काही असेल तर ते हे.

कानकोंडं होणं हे याच्या शेजारचं, पण त्यात बहुतेक वेळा दोष आपला नसतो, दोघं नवराबायको तुमच्यासमोर भांडायला लागले आणि तुम्ही चहाचा कप हातात घेऊन बसलाय, तेव्हा तुम्ही कानकोंडे होता. फार छान शब्द आहे, हल्ली कमी ऐकू येतो, पण तुमच्या मुलीला लागू नाही.

नाटकवाल्यांनी हा आधी-नंतरचा फरक फार पूर्वी ओळखलाय. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणारे तात्पुरते भाव, आहेत, त्यात लाजेसाठी ‘व्रीडा’ आहे, पण तिचं कारण दिलंय अकार्यकरण, म्हणजे करू नये ते केल्याची भावना, वडीलधाऱ्यांचा अवमान, वचन न पाळणं, मागाहून होणारा पश्चात्ताप. म्हणजे ती संकोचाची बहीण कमी आणि ओशाळण्याची जास्त. तिचा अभिनय कसा करायचा हेही सांगितलंय: तोंड लपवणं, खाली मान घालून विचार करणं, जमिनीवर रेघा ओढणं, कपड्याशी नि अंगठीशी चाळा करणं, नखं कुरतडणं. ही यादी वाचली की हसू येतं कारण आपण आजही तेच करतो, फक्त अंगठीच्या जागी मोबाईल आलाय. तुमच्यासारख्या कामात ही यादी शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी आहे, का ते पुढे सांगते.

त्याआधी दोन सूचना. काही अनुवादांत सेल्फ-कॉन्शससाठी ‘आत्मभान’ टाकलेलं दिसतं, ते कृपया करू नका. मराठीत आत्मभान हा ताठ मानेचा शब्द आहे, दलित साहित्याच्या आणि स्त्रीवादी चर्चेत तो स्वतःची किंमत ओळखणं या अर्थानं रुळलाय. ज्या मुलीला आत्मभान आलंय ती तोंडावर हात ठेवून वर्गात शिरत नाही. ‘स्वतःविषयी जागरूक’ तर त्याहून वाईट, वाटतं ती आहाराबद्दल बोलतेय.

दुसरी सूचना उलटी आहे. आजची तेरा-चौदा वर्षांची शहरी मुलगी स्वतः काय म्हणेल? ती म्हणेल ‘मला जाम कॉन्शस होतं यार’, किंवा ‘ऑकवर्ड झालं’. सेल्फ गळून गेलं आणि नुसतं कॉन्शस राहिलं. इंग्रजीवाल्याला वाटेल ही बेशुद्धीतून जागी झाली, पण मराठीत तो शब्द आता याच अर्थानं पक्का बसलाय, आणि बघा, ‘होतं’ हे क्रियापद घेऊन बसलाय, अवघडल्यासारखं ‘होतं’ त्याच साच्यात. शब्द बाहेरून आला तरी खुर्ची जुनीच. तुमच्या गोष्टीत हे वाक्य मुलीच्या तोंडी असेल, डायरी असेल, मैत्रिणीशी चॅट असेल, तर मी बिनधास्त कॉन्शस ठेवीन. शुद्ध मराठीच्या नावाखाली चौदा वर्षांच्या मुलीला ‘मला संकोच वाटला’ बोलायला लावणं म्हणजे तिला तिच्या आत्याची साडी नेसवणं. गोष्ट खेड्यातल्या शाळेत घडत असेल तर कॉन्शस जाईल आणि ‘कसंतरीच झालं’ येईल. हे मात्र तुमच्या गोष्टीवर आहे, मी ती वाचलेली नाही, त्यामुळे निवेदक कोण, वाचक किती वयाचा, हे तुम्हीच ठरवायचं.

निवेदन तिसऱ्या पुरुषात असेल असं धरून मी काय केलं असतं ते सांगते. पहिला सोपा पर्याय: ‘वर्गात शिरताना तिला एकदम अवघडल्यासारखं झालं.’ यात चूक काही नाही. संकोच ठेवायचाच असेल तर त्याला कृती द्या: ‘तार लावल्यापासून तिला चारचौघांत तोंड उघडायलाही संकोच वाटायचा.’ बघा, आता तो लटकत नाही, आणि ‘चारचौघांत’ या शब्दानं बघणारे लोकही वाक्यात आले. मराठीत चारचौघं नसतील तर ही भावना पुरी होत नाही, सेल्फ-कॉन्शसमधलं निम्मं काम तो एक शब्द करतो.

पण मला स्वतःला आवडेल तो तिसरा पर्याय, ज्यात भावनेचं नावच नाही. ‘ती वर्गात शिरली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. सगळे आपल्याकडेच बघतायत असं तिला वाटलं.’ मराठी माणूस ही भावना खरं तर अशीच सांगतो. कुणालाही विचारा, तुला तिथं कसं वाटलं, तर तो ‘मला संकोच वाटला’ क्वचित म्हणेल, तो म्हणेल ‘सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं’. हातवारे भरतमुनींनी दिलेच आहेत, त्यातला एखादा घ्या, जमिनीवर रेघा ओढायला नको, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करू दे तिला. कोशातला शब्द शोधत बसण्यापेक्षा हे वाक्य जास्त मराठी होतं, आणि दोन ओळी लांब झालं तरी मुलांच्या पुस्तकात ते खपतं. सबटायटलमध्ये नाही खपत, तिथे अक्षरं मोजून मिळतात, तिथे मी ‘अवघडल्यासारखं झालं’वरच थांबते.

थोडक्यात परत एकदा, घाईत असणाऱ्यांसाठी: काही करायच्या आधी अडखळलात तर संकोच, नजरेखाली असताना अवघडणं, घडून गेल्यावर ओशाळणं किंवा खजील होणं, विशिष्ट माणसामुळे असेल तर भीड, आणि आपल्या वागण्यावर किंवा इभ्रतीवर आलं असेल तर लाज. हे कप्पे घट्ट नाहीत, बोलताना आपण सगळे सरमिसळ करतो, आणि विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात यातले काही शब्द कमीजास्त चालतात. पण लिहिताना अडलात तर कुठून सुरुवात करायची ते कळेल.

तुमच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न राहिला, ‘संकोचणे’ असं क्रियापद चालतं का. चालतं, ‘तो थोडा संकोचला’ अगदी रुळलेलं मराठी आहे, फक्त पुस्तकी आहे, निवेदनात शोभतं, संवादात नाही. आणि संकोची स्वभाव नि भिडस्त स्वभाव यात गोंधळ करू नका, भिडस्त माणूस नाही म्हणू शकत नाही, संकोची माणूस मागू शकत नाही.